न्हाणीचं दार

मी आज जो काही आहे तो माझ्या मामीमुळं आहे. मामांमुळं नव्हे, असं म्हटलं की आमच्या नात्यातले लोक चमकतात. कारण बंगळूरच्या अग्निशामक दलातली नोकरी मामांची, राहायला मिळालेलं क्वार्टर मामांचं आणि कॉलेजात माझं नाव घालायला रजा काढून आले तेही मामाच. हे सगळं खरं आहे. पण निपाणीकडच्या आमच्या गावात माझी आई सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत बसली होती, तेव्हा "पोरगं हुशार आहे म्हणता, मग इथं कशाला ठेवता? मी नेते बंगळूरला," असं म्हणाली ती मामी. मामा शेजारी बसून चहा पीत होते. ही गोष्ट त्यांनाही तेव्हाच कळत होती.

"अगं, पण जागा कुठं आहे?" ते म्हणाले.

"माणसाला निजायला किती जागा लागती? तुमच्या बंबापेक्षा कमीच की."

आई हसली, आणि माझं ठरलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मामी स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. मामा-मामींना मूल नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली की मामी माझ्याकडं बोट करून म्हणायची, "ह्याला बीएस्सी करतोय आम्ही." जणू तिघांनी मिळून परीक्षा द्यायची होती.

फायर स्टेशनच्या आवारातच क्वार्टर्स होती. एका लांब व्हरांड्यावर ओळीनं घरं. प्रत्येक घरात पुढची खोली, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागं न्हाणी. पुढच्या दारात उभं राहिलं की तिन्ही दारं एका सरळ रेषेत दिसत. समोर मैदानात लाल गाड्या उभ्या असत आणि तिथली घंटा वाजली की आमच्या फडताळातली भांडी थरथरत. ड्युटीवरची माणसं धावत सुटायची, गाड्या फाटकाबाहेर पडायच्या, आणि त्या वेळी क्वार्टर्समधल्या सगळ्या बायका एक गोष्ट करायच्या. स्टोव्ह विझवायच्या. भात अर्धा कच्चा असो, दूध उतू जायच्या बेतात असो, गाडी परत येईपर्यंत कुणी काडी ओढत नसे. ही रीत कुणी घातली ते कुणालाच माहीत नव्हतं. मला पहिल्यांदा उपाशी कॉलेजला जावं लागलं तेव्हा मामीनं चुरमुऱ्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "तिकडं ते आगीत आणि इकडं आम्ही आग पेटवायची होय?"

पहिल्या वर्षीचे मामा मला चांगले आठवतात. रात्रपाळी करून आले की ते अंघोळ करायचे, पोटभर जेवायचे आणि पुढच्या खोलीचं दार लावून दुपारभर निजायचे. "कडी घाल गं," असं आतून ओरडायचे. त्यांना दार लावून, खिडकी लोटून, गुडूप अंधारात निजायची आवड होती. मी स्वयंपाकघरात मामीच्या जात्याशेजारी बसून इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करायचो. सगळं शिक्षण मराठीत झालेलं. इथं वर्गात प्राध्यापक बोलू लागले की मला वाहत्या पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटे. मामी भाकरी थापता थापता माझी उजळणी घ्यायची. शब्द मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा, आणि ती म्हणायची, "परत सांग, मला पटलं नाही."

मग ती आग लागली.

माझी पहिल्या वर्षाची परीक्षा संपत आली होती. भर दुपारी घंटा झाली आणि एकामागून एक सगळ्या गाड्या बाहेर पडल्या. जुन्या पेठेच्या बाजूला धूर दिसत होता, तो आमच्या फाटकातून दिसावा इतका. तिथं एक चार मजली इमारत होती. खाली कापडाची दुकानं आणि वर शिवणकामाचे कारखाने. ते आम्हांला पुढं कळलं. त्या दुपारी बायका फाटकाशी उभ्या होत्या. घराघरांतले स्टोव्ह विझलेले होते. ते दुसऱ्या दिवसापर्यंत पेटले नाहीत.

मामा आले तेव्हा ते मला ओळखू आले नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्यांना लगेच ओळखलं. चेहरा काळा झाला होता, पण तसा तो अधूनमधून होतच असे. ते सरळ चालत घरात आले आणि न्हाणीत गेले. मामीनं पाणी ठेवलं होतं, थंडच, कारण तापवायला स्टोव्ह नव्हता. ते आत गेले, पण त्यांनी दार लावलं नाही. मामीनं बाहेरून दार लोटलं तर त्यांनी ते आतून उघडलं. तिनं पुन्हा लोटलं, त्यांनी पुन्हा उघडलं. मग ती मला म्हणाली, "तू बाहेर बस जा बाळा."

त्या इमारतीत फार माणसं गेली. मागच्या जिन्याला लोखंडी जाळीचं सरकतं दार होतं आणि कामाच्या वेळात कुणी खाली जाऊ नये म्हणून त्याला कुलूप असे, एवढं वर्तमानपत्रात आलं. मामा त्या दाराशी होते, हे वर्तमानपत्रात नव्हतं. ते मला शेजारच्या अण्णांनी सांगितलं. अण्णा मामांच्याच गाडीचे ड्रायव्हर. लोखंड कापायचं अवजार त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर होतं, ती गाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलेली, आणि ती येईपर्यंत मामा त्या जाळीपाशी होते. एवढंच सांगून अण्णा उठून गेले.

त्यानंतर आमच्या घरात दारं लागेनाशी झाली.

सुरुवातीला मामा फक्त कड्या काढायचे. मग एका रविवारी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणला, स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि व्हरांड्याच्या टोकाशी भिंतीला टेकवून ठेवलं. पुढच्या दाराला ते हात लावू शकत नव्हते, कारण क्वार्टर सरकारी, तपासणी व्हायची. पण ते दार सताड उघडं राहावं म्हणून त्यांनी खाली दगड ठेवला. शेवटी न्हाणीचं दारही निघालं. तिथं मामीनं एक जुनं लुगडं दुपदरी करून टांगलं.

मामा कुणावर ओरडले नाहीत, दारू प्यायले नाहीत. म्हणून त्यांना काही झालं आहे असं कुणाला वाटेना. घंटा झाली की तेच सगळ्यांत आधी गाडीवर असत. आगीत ते बरे असत. अण्णा म्हणायचे, आता तर ते पूर्वीपेक्षा शांतपणे काम करतात. अधिकाऱ्यांनी त्यांना चांगल्या मनानं स्टोअरची नोकरी देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली, कारण स्टोअर म्हणजे एकच दार असलेली खोली. कंट्रोल रूमचंही तेच. उघड्या गाडीवर, वारा लागत असताना, हाताशी सगळी अवजारं असताना त्यांचा जीव मोकळा असे. कोंडमारा व्हायचा तो घरी, आपल्या माणसांत, जिथं काहीच पेटलेलं नव्हतं तिथं.

दलातल्या माणसांचा सत्कार झाला, तेव्हा मीही गेलो होतो. मोठा हॉल, फुलांच्या माळा, व्यासपीठावर शाली आणि म्हैसुरी पेटे मांडलेले. मामांचं नाव पुकारलं तरी ते दारातून पुढं सरकेनात. शेवटी पाहुण्यांपैकी एकजण शाल घेऊन त्यांच्याकडं चालत आला आणि उंबऱ्यातच त्यांच्या खांद्यावर घातली. लोकांना तो मामांचा विनय वाटला. त्यांनी जास्तच टाळ्या वाजवल्या.

इतरांचंही काही ना काही होतंच. अण्णांच्या घरात रेडिओ बंद होत नसे. गाणी, बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, केंद्र बंद झाल्यावरची खरखरसुद्धा. एकजण नोकरी सोडून देवनहळ्ळीकडं द्राक्षबागेत राखणदार झाला. लोक त्याला वेडा म्हणाले. पण या गोष्टी एकमेकांना सांगायची पद्धत नव्हती. सकाळी हजेरीला सगळे ओळीत उभे राहत आणि बटणं चमकत.

बिनदाराच्या घरात राहणं म्हणजे मोकळं राहणं, असं ज्याला वाटेल त्यानं तसं राहून पाहावं. व्हरांड्यातून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आमच्या ताटात डोकावे. मामीला अंग टेकायचं तर लुगड्याचा पदर तोंडावर घ्यावा लागे. सिनेमाला जाणं संपलं, मंगल कार्यालयातली लग्नं संपली. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या नातेवाइकांकडं जाणं तर राहिलंच. कुठंही गेलो तरी मामा आधी मागची बाजू बघून येत आणि मग हळूच म्हणत, "चला, घरी जाऊ." आम्ही घरी यायचो. घर उघडं होतं आणि त्यातून आम्हांला बाहेर पडता येत नव्हतं.

मामीच्या अंघोळीची वेळ मला कधीच कळली नव्हती. मी कॉलेजला गेल्याशिवाय ती न्हाणीकडं वळत नसे. पावसाळ्यात संप झाला, कॉलेज बंद राहिलं, तेव्हा मी घरातच पुस्तक घेऊन बसलो होतो. ती दोनदा आत-बाहेर झाली. मग म्हणाली, "लायब्ररी उघडी असंल बघ. जाऊन ये जा." मी चपला घातल्या आणि रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापासून मी रोज सकाळी लवकर बाहेर पडू लागलो. पुस्तक घेऊन बागेत बसायचो. आम्ही दोघं याबद्दल कधी बोललो नाही. पण परत आलो की माझ्या डब्यात काहीतरी जास्तीचं असे.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मामीची धाकटी बहीण आणि तिचे यजमान आले. बंगळूर बघायचं होतं. पहिल्याच सकाळी बहिणीचे यजमान पुढच्या खोलीत चहा घेत बसले आणि समोर सरळ रेषेत न्हाणीचा पडदा वाऱ्यानं हलत राहिला. बहिणीची अंघोळ राहिली, मामीची राहिली. यजमान जयनगरला बाजार बघायला निघाले तसं बहिणीनं मामीला स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, तुम्ही राहता कसं गं असं? गुरांच्या गोठ्यालासुद्धा झाप असतो."

 संध्याकाळी मामा आल्यावर मामी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला न्हाणीचं दार पायजे."

"अगं..."

"बाकी सगळं उघडं राहू दे. माझं काही म्हणणं नाही. ते एक दार लावा."

मामांनी दार लावलं. व्हरांड्याच्या टोकाहून आणलं, धूळ पुसली, बिजागऱ्यांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पुढच्या खोलीत असताना मामी कपडे घेऊन आत गेली आणि कडी लागल्याचा आवाज आला. किती तरी काळानं तो आवाज घरात झाला होता. मामा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसले. मी त्यांच्यासमोर होतो.

"झालं का?" मामांनी विचारलं.

"आत्ताच तर आले की!" आतून मामी हसत म्हणाली.

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "झालं?" आतून पाण्याचा आवाज आला. मग तोही थांबला. मामा उठून दाराजवळ गेले. त्यांनी मामीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. ती केस धूत होती, कानांत पाणी आणि फेस होता, तिला ऐकू गेलं नाही. त्यांच्या कवायतीत शिकवतात की बंद दाराशी तीन हाका मारायच्या आणि आतून आवाज आला नाही तर दार पाडायचं. तिसरी हाक मारताना त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा राहिला नव्हता. मी "मामा" म्हणून पुढं झालो, तोवर त्यांनी एक पाऊल मागं घेऊन खांदा दिला. शिकवल्याप्रमाणं, बरोबर कडीच्या बाजूला. पहिल्याच धक्क्यात दार आत गेलं.

लाकूड फुटल्याचा आवाज ऐकून व्हरांड्यातून माणसं धावत आली. क्वार्टर्समधली माणसं, त्यांना तो आवाज माहीत होता. आमचं पुढचं दार उघडंच होतं. अण्णा सर्वांत पुढं होते. त्यांनी आत एक नजर टाकली, लगेच पाठ फिरवली आणि हात पसरून सगळ्यांना अडवलं. त्यांची बायको, तिला सगळी क्वार्टर्स अक्का म्हणत, त्यांच्या हाताखालून आत शिरली आणि तिनं आपला पदर सोडून मामीभोवती गुंडाळला. कुणी हसलं नाही. मामा पाण्यात उभे होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "बोलत का नव्हतीस? बोलत का नव्हतीस तू?"

मामी त्या आठवड्यात बहिणीबरोबर गावी गेली. भांडण झालं नाही. जाताना ती मला म्हणाली, "डाळ वरच्या डब्यात आहे. परीक्षेला उपाशी जाऊ नगंस." आणि मग, मामा ऐकत असताना, माझ्याकडं बघूनच म्हणाली, "मला त्यांचा राग न्हाई. पण मला अंग धुवायला भीती वाटती आता. अशी किती दिवस राहू?"

मामांनी तिची ट्रंक बसवर चढवली. 

त्यानंतर आम्ही दोघं त्या घरात राहिलो. मी भात लावायला शिकलो. घंटा झाली की स्टोव्हही विझवू लागलो. मामा ड्युटी करायचे, येऊन बसायचे, उघड्या दारातून मैदानाकडं बघायचे. गावी जाऊन मामीला आणा, असं मी म्हटलं तर म्हणायचे, "आणून कुठं ठेवू?" मला नोकरी लागली की वेगळं घर घेऊ, असं म्हणावं तर घर बदलून काय होणार होतं? जिथं जाऊ तिथं न्हाणी असणारच.

अक्का जुन्या बंगळुरी मराठी कुटुंबातली. तिचं बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. ती रोज आमच्याकडं सांबार आणून द्यायची. एक दिवस भांडं खाली ठेवून ती मामांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ, स्वल्प ऐका. आमच्या घरात रेडिओ बंद होत नाही, तुमच्या घरात दार बंद होत नाही. सरकारनं दोघांना शाल दिली. सरी, बरं झालं. पण ही दोन कामं आता कुणी करायची?"

मामा म्हणाले, "ते जमत नाही, अक्का."

"शिडी पहिल्या दिवशी जमली होती काय? आमचे हे सांगतात, अर्ध्यात जाऊन रडला होता म्हणे तुम्ही."

"रडलो नव्हतो. घाम आला होता."

"तेच ते," अक्का म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी फुटलेलं दार मैदानात नेलं. फळ्या बदलल्या, आडव्या पट्ट्या मारल्या, आणि वरून वीतभर कापलं, म्हणजे दार लागलं तरी वर मोकळी जागा राहील. मग ते बसवलं आणि मला म्हणाले, "आत जा. कडी घाल. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काही पण."

मी बादली पालथी घालून बसलो. परीक्षा जवळ आली होती, म्हणून पुस्तक आतच नेलं आणि रसायनशास्त्र इंग्रजीतून मोठ्यानं वाचू लागलो. बाहेर मामा उभे होते. दाराच्या फटीतून मला त्यांच्या पायाची बोटं दिसत, ती पुढं मागं होत.

"कळतंय काय तुम्हाला?" मी आतून विचारलं.

"अजिबात नाही. थांबू नकोस."

रोजचा तो परिपाठ झाला. मामा त्याला कवायत म्हणत. आधी मी सतत बोलायचं. मग मध्येच थोडं गप्प बसायचं आणि पुन्हा बोलायचं. मग गप्प बसणं वाढवत न्यायचं. ही कवायत सोपी नव्हती. मी पुस्तकाचं पान उलटलं तेवढ्यात दार धडधडलं, असं अनेकदा झालं. एकदा त्यांनी खांदा लावला, कडी वाकली आणि ते थांबले. बाहेर धापा टाकताना ऐकू आले. त्या ओल्या, अंधाऱ्या जागेत मलाही कोंडल्यासारखं व्हायचं. आपण गप्प आहोत, एवढ्यानं बाहेर एका माणसाचा जीव जातो आहे, हे माहीत असताना गप्प बसून राहणं फार कठीण असतं. हात कडीकडं जायचा. पण मी उघडलं असतं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून मी बसून राहायचो आणि वाचायचो. अक्का येता-जाता ओरडायची, "काय रे, परीक्षेला पण बादली घेऊन जाणार काय?" जवळजवळ दोन वर्षं बिनदाराच्या घरात काढल्यावर लावता येईल असं दार असलेली ती पहिली जागा होती, आणि माझा पदवीचा बराचसा अभ्यास तिथंच झाला.

एके दिवशी मी बराच वेळ गप्प होतो. मामांची बोटं फटीत दिसत होती, पण हलत नव्हती. मग ते बोलू लागले. दाराशी बोलावं तसे.

"त्या जाळीपलीकडं एक बाई होती. धुरानं दिसत नव्हती, नुसती बोटं धरली होती माझी. मी म्हटलं, माताडता इरी, बोलत राहा. माणूस बोलतो तोवर वेळ आहे असं आम्ही समजतो. ती बोलत होती. कुठं राहते ते सांगितलं. सकाळी काय स्वयंपाक केला ते सांगितलं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. मग मी विचारलं आणि तिनं सांगितलं नाही."

मी कडीला हात लावला.

"उघडू नकोस," मामा म्हणाले. "बस तसाच. मी आहे इथं."

मी बसलो. ते पण बसले. दाराला त्यांची पाठ टेकल्याचं मला कळलं, फळ्या किंचित माझ्याकडं दबल्या. नंतर बऱ्याच वेळानं ते उठले आणि चहा ठेवायला गेले, आणि स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. माझ्याकडं पाठ करून, दार बंद असताना, ते दुसरं काम करत होते.

परीक्षा झाली. निकाल लागला आणि होसकोटेच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मला काम मिळालं. मी मामीला पत्र लिहिलं. पुढं पुष्कळ वर्षांनी, मामा निवृत्त झाले आणि आम्ही ते क्वार्टर रिकामं करू लागलो, तेव्हा तिनं गावाहून परत आणलेल्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ते मला सापडलं. ते असं होतं:

प्रिय मामीस,

शि. सा. न. वि. वि.

मी पास झालो. पहिला वर्ग मिळाला आहे. ही बातमी गावी आईच्या आधी तुला कळवतो आहे, कारण उजळणी तू घेतलीस. नोकरी होसकोटेला आहे, बसनं जाऊन-येऊन करता येईल, म्हणून मी इथंच राहणार आहे.

आता दुसरं. मामा बरे झालेत असं मी तुला लिहिणार नाही. पुढच्या दाराखाली दगड आहे तसाच आहे. स्वयंपाकघराला दार नाही आणि बहुधा येणारही नाही. सिनेमाचं नाव काढायचं नाही. परवा बसमध्ये गर्दीनं दार झाकलं गेलं तर ते मधेच उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

पण न्हाणीला दार लागलं आहे. त्यांनी स्वतः केलं. वरून थोडं उघडं आहे, पण कुणाला दिसणार नाही एवढंच, मी बाहेर टाचा उंचावून बघितलं. मी आत बसून रोज अभ्यास केला. सुरुवातीला त्रास झाला, एकदा कडीही वाकली, तेही तुला सांगून ठेवतो. आता गेला महिनाभर वाकलेली नाही. काल मी आत पूर्ण अंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेतलं, मुद्दाम सावकाश. एक शब्द बोललो नाही. त्यांनी हाक मारली नाही. मी बाहेर आलो तेव्हा ते तांदूळ निवडत बसले होते. तांदूळ केव्हाच निवडून झाले होते, तेच पुन्हा निवडत होते.

तू यावंस असं ते म्हणत नाहीत. म्हणायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटतं. अक्का मात्र रोज विचारते, आणि तुझ्या नावानं सांबारात मीठ कमी पडतं म्हणते. तुला भीती वाटली तर पहिले काही दिवस अक्का दाराशी बसेल. मामा तेव्हा मैदानात जातील, हे त्यांनीच सुचवलं.

कडी आतल्या बाजूला आहे, मामी. बाहेरून उघडता येईल असं त्यांनी काहीही ठेवलेलं नाही. एखादी खिट्टी तरी ठेवायची का, असं मी विचारलं होतं. "नको," म्हणाले. "तिचं तिला उघडू दे."

तुझा भाचा